प्रसंग-सरावातून स्वसंरक्षणाची पारख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्गात नाव घालण्याआधी लोक जे विचारतात आणि पहिल्या सरावानंतर घामाघूम होऊन जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांना आखूड उत्तर दिलं की ते खोटं ठरतं.

प्रसंग-सराव म्हणजे नेमकं काय?

एक प्रसंग उभा करायचा. जागा, उजेड, आजूबाजूची माणसं आणि तुमचं तिथे असण्याचं कारण, एवढं ठरलेलं असतं. उदाहरणार्थ : रात्रीची वेळ आहे, तुम्ही गाडीकडे चालला आहात, हातात दोन पिशव्या आहेत आणि फोनवर बहीण बोलतेय. याच्या पलीकडे तुम्हाला काही सांगितलं जात नाही. समोरून येणाऱ्या माणसाचं सोंग कुणीतरी घेतलेलं असतं. त्याने कसं वागायचं हे आम्ही त्याला बाजूला घेऊन सांगितलेलं असतं, आणि तुमच्या वागण्यानुसार त्याने पुढे काय करायचं हेही. एक जण शिट्टी घेऊन फक्त सुरक्षेवर डोळा ठेवतो. प्रसंग कधी चाळीस सेकंदांत संपतो, कधी तीन मिनिटं चालतो. त्यावरचं बोलणं मात्र पंधरा मिनिटं तरी होतं.

मी चार वर्षं कराटे शिकलोय. मला याची काय गरज?

तुमचं कराटे वाया गेलेलं नाही. तोल, अंतराचा अंदाज, मार खाल्ल्यावर न भांबावणं हे सगळं उपयोगी पडतं. उणीव वेगळ्याच ठिकाणी आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदोची स्थापना केली तेव्हा ठरीव हालचालींच्या काताइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व रांदोरीला दिलं. रांदोरी म्हणजे जोडीदार खरोखर विरोध करतो अशी मोकळी झुंज. हे मोठं पाऊल होतं. पण रांदोरीतही एक गोष्ट दोघांना आधीच ठाऊक असते : आता झुंज सुरू होणार आहे. पंच 'हाजिमे', म्हणजे 'सुरू करा', म्हणतो आणि मगच हात चालतात.

बाहेर 'हाजिमे' म्हणायला कुणी नसतं. सुरुवात झाली आहे की नाही, हे तुम्हालाच ठरवायचं असतं. उशिरा ठरवलं तर मार खाल, लवकर ठरवलं तर एखाद्या निरपराध माणसाचं नाक फोडाल. चार वर्षांत हा निर्णय तुम्ही एकदाही घेतलेला नसण्याची शक्यता बरीच आहे.

पारख शिकवता येते का? ती तर अंगचीच असावी लागते ना?

गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात अग्निशमन दलातल्या अनुभवी अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. जळत्या इमारतीसमोर ही माणसं निर्णय कसा घेतात, हा प्रश्न होता. बहुतेक वेळा ते पर्यायांची तुलना करतच नव्हते. समोरचं दृश्य आधी पाहिलेल्या कशाशी तरी जुळायचं आणि त्यासरशी काय करायचं हे सुचायचं. म्हणजे ज्याला आपण अंगची पारख म्हणतो, ती पुष्कळ पाहण्यातून आलेली ओळख असते.

सर्वसामान्य माणसावर सहसा हल्ले होत नाहीत, हे चांगलंच आहे. पण त्यामुळे त्याच्या गाठीशी असे प्रसंग नसतात. असतात ते सिनेमातले, आणि सिनेमातला गुंड मारण्याआधी लांबलचक भाषण करतो. प्रसंग-सराव म्हणजे तो अनुभव उसना देण्याचा प्रयत्न.

दुसरी बाजू पर्यायांची. विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये दाखवलं की निवडीचे पर्याय वाढले की प्रतिक्रियेला लागणारा वेळही वाढतो. म्हणून आम्ही मनगट सोडवण्याच्या बारा युक्त्या शिकवत नाही. चार-पाच ढोबळ हालचाली पुरतात. बाकीचा वेळ पाहायला शिकण्यात घालवतो.

वर्गात जमतं ते प्रसंगात का जमत नाही?

एक कारण जागेचं आहे. गॉडन आणि बॅडली यांचा १९७५ चा एक गाजलेला प्रयोग आहे. पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या, काही पाण्याखाली आणि काही काठावर. पाण्याखाली पाठ केलेलं पाण्याखालीच जास्त आठवलं, काठावरचं काठावर. गादीवर, अनवाणी, लख्ख उजेडात शिकलेलं अंधाऱ्या जिन्यात चपला घालून आठवावं, ही अपेक्षाच जास्त आहे. म्हणून आम्ही रोजच्या कपड्यांत या असं सांगतो. ट्रॅकपँट घालून कुणी ऑफिसातून घरी जात नाही.

दुसरं कारण शरीराचं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, नजर एका जागी खिळते, बाजूचा आवाज ऐकू येत नाही, बोटांना नाजूक कामं जमत नाहीत. पहिल्याच प्रसंगात फोनचं लॉक उघडता न आलेली माणसं मी ढिगाने पाहिली आहेत. हे सगळं पहिल्यांदा खऱ्या संकटात अनुभवायला मिळू नये, एवढाच हेतू.

मग प्रत्येक प्रसंगात मारामारी असते का?

नाही. आणि ज्या वर्गात असते, तिथे जाऊ नका.

हे उत्तर मला अनुभवाने मिळालं. मी शिकवायला लागले तेव्हा आमचे सगळे प्रसंग हल्ल्यातच संपायचे. मुलांना मजा यायची, व्हिडिओ झकास दिसायचे. मग एकदा प्रसंगात बदल केला आणि कुणाला सांगितलं नाही. अंधारात समोरून येणाऱ्या माणसाने फक्त किती वाजले विचारायचं होतं. आमच्या सगळ्यात चपळ विद्यार्थ्याने त्याला वेळ सांगायच्या ऐवजी गळ्यावर फटका दिला. सोंग घेणाऱ्याने संरक्षक साहित्य घातलं होतं म्हणून निभावलं. त्या मुलाचा चेहरा पाहिल्यावर कळलं की चूक त्याची नव्हती. जवळ येणारा प्रत्येक माणूस मारतोच, हे आम्हीच त्याला वीस वेळा शिकवलं होतं.

आता दहा प्रसंगांत जेमतेम तीनमध्ये हात उचलण्याची वेळ येते. काहींमध्ये बोलून सुटका होते, काहींमध्ये काढता पाय घेतला की झालं. आणि दोन-तीन असे असतात ज्यांत काहीही घडत नाही. एकच सुरुवात तीन तऱ्हांनी पुढे नेणं सगळ्यात फायद्याचं ठरतं. तोच माणूस, तोच अंधार, तोच प्रश्न : एका फेरीत तो वेळ ऐकून निघून जातो. दुसऱ्या फेरीत वेळ ऐकूनही रेंगाळतो, दोन पावलं जवळ सरकतो, मागे वळून पाहतो. तिसऱ्यात त्याचा जोडीदार गाडीमागून येतो. फरक कुठे पडला हे तिन्ही फेऱ्या झाल्याशिवाय दिसत नाही. वेळ विचारण्यात काहीच नव्हतं, उत्तर मिळाल्यावरही तो गेला नाही ही खूण होती.

हात उचलायचा हे कशावरून ठरवायचं?

तीन प्रश्न. समोरच्याकडे इजा करण्याची क्षमता आहे का? आत्ता, या अंतरावरून, त्याला ती संधी आहे का? आणि त्याच्या वागण्याबोलण्यातून तसा इरादा दिसतो का? तिन्हीला 'हो' असेल तर धोका खरा. रस्त्यापलीकडून शिव्या देणाऱ्याचा इरादा असेल, पण संधी नाही. शेजारी उभ्या असलेल्या धिप्पाड प्रवाशाकडे क्षमता आणि संधी दोन्ही आहेत, पण तो बिचारा पेपर वाचतोय. या तिन्हींच्या आधी मात्र चौथा प्रश्न येतो : इथून निघून जाता येईल का?

कायदा देशागणिक बदलतो, तो तुमच्या इथला काय आहे हे जाणकाराकडून समजून घ्याच. तरी बहुतेक ठिकाणी विचार सारखाच आहे : धोका तात्काळ हवा, बळ वापरणं गरजेचं हवं आणि ते धोक्याच्या मानाने हवं.

अंतराबद्दल थोडं जास्त सांगते, कारण त्यावर गैरसमज फार आहेत. अमेरिकेतले पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एका लेखात मांडलं की सुरा घेतलेला माणूस २१ फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. तेवढ्याच वेळात सराव असलेला पोलीस कमरेची बंदूक काढून झाडू शकतो. पुढे या आकड्याचा 'एकवीस फुटांचा नियम' झाला, जणू बाविसाव्या फुटावर माणूस सुरक्षित आणि विसाव्या फुटावर काहीही करायला मोकळा. ट्युलर यांनी नियम घालून दिला नव्हता, अंतर म्हणजे वेळ हे दाखवलं होतं. निःशस्त्र माणसाला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की समोरच्याच्या हातात काही दिसलं तर तीन पावलांवर उभं राहून वाद घालू नये. आम्ही वर्गात हे धावून दाखवतो. दीड सेकंद ऐकायला बराच वाटतो.

समोरचा खाली पडला, मग?

मग निघायचं. लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात, आणि ते लढण्यात कच्चे असतात म्हणून नव्हे. भीतीचा राग होतो. पडलेल्या माणसाला आणखी दोन लाथा बसतात. पहिला फटका बचाव होता, तिसरी लाथ सूड ठरते, आणि कायद्याच्या नजरेत तुम्ही बाजू बदललेली असते. म्हणून प्रसंगात सोंग घेणारे कधी कधी एकाच फटक्यात कोसळतात, कधी हात वर करून "बास, बास" म्हणतात. तुम्ही थांबता की नाही, हे आम्ही तेव्हा पाहत असतो.

बोलून खरंच काही टळतं का?

पुष्कळ टळतं, पण बोलण्याचाही सराव लागतो. एक तर उभं राहण्याची पद्धत. दोन्ही तळवे उघडे, छातीच्या उंचीवर, आपल्या आणि त्याच्या मध्ये. बघणाऱ्याला ते समजूत घालणं वाटतं, तुम्हाला मात्र अंतर राखायला आणि वेळ आलीच तर हात चालवायला मोकळीक मिळते. या उभं राहण्याला 'फेन्स', म्हणजे कुंपण म्हणतात. ब्रिटनमधले माजी बाउन्सर जेफ थॉम्प्सन यांनी ते लोकप्रिय केलं.

शब्दांचं म्हणाल तर दोन प्रकार ओळखावे लागतात. खुन्नस देणाऱ्याला सहसा लोकांसमोर मान हवा असतो. त्याला "चुकलं भाऊ, लक्ष नव्हतं माझं" म्हटलं की बऱ्याचदा हवा निघते. लुटारूला मान नको असतो, वस्तू हवी असते. ती देऊन टाकावी. आणि ज्याला तुम्हालाच दुसरीकडे न्यायचंय, त्याच्याशी गोड बोलण्याने काही साधत नाही. तिथे आरडाओरडा, धावणं आणि सगळं बळ.

यातला सगळ्यात अवघड सराव कुठला, असं मला विचाराल तर चूक नसताना माफी मागण्याचा. पट्टे मिळवलेले तगडे पुरुष त्यात हमखास नापास होतात. धक्का समोरच्याने मारलेला असतो, वर तोच आवाज चढवतो, आणि आपला गडी "तू कोण रे मला शिकवणार?" म्हणून मोकळा होतो. पुढे हातघाई होतेच. ती त्याने जिंकली तरी आम्ही प्रसंग 'गेला' असंच लिहितो.

प्रसंगात मी नुसती उभीच राहिले. हातपाय गळाले. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. गोठून जाणं ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे, भित्रेपणा नव्हे. त्यावर ओरडून उपाय होत नाही. डोनाल्ड माइकेनबॉम यांनी ताण सोसण्याची सवय लसीसारखी थोड्या थोड्या मात्रेत लावण्याची पद्धत मांडली, तीच इथे लागू पडते. आधी तोच प्रसंग अर्ध्या वेगाने, उजेडात, आवाज न चढवता. जमलं की एक गोष्ट वाढवायची. पहिल्याच दिवशी माणसाला पुरता हादरवून सोडणारा प्रशिक्षक धाडसी नसतो, आळशी असतो.

तो जाड पॅडचा सूट घातलेला माणूस तुमच्याकडे आहे का?

आहे. ही कल्पना अमेरिकेत १९७० च्या दशकात 'मॉडेल मगिंग' या नावाच्या प्रशिक्षणातून पुढे आली. फायदा उघड आहे : पूर्ण ताकदीने मारता येतं. आयुष्यात कधी कुणावर हात न उचललेल्या माणसाला आपल्या फटक्यात किती जोर आहे, हे पहिल्यांदा कळतं.

पण पारख शिकवायला हा सूट अडचणीचा. भल्यामोठ्या डोक्याचं ते ध्यान दारातून आत आलं की ठरवायला काही उरतच नाही. म्हणून जोर शिकवायचा त्या दिवशी सूट, आणि पारख शिकवायची त्या दिवशी कपड्यांखाली पातळ गार्ड. हेल्मेट टाळता येत नाही तेव्हा मी प्रसंगातल्या सगळ्यांनाच हेल्मेट घालते, अगदी बाकावर बसलेल्या आजीबाईंनाही.

स्त्रियांना अशा शिक्षणाचा उपयोग होतो, याला काही पुरावा आहे का?

आहे. शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या ३ विद्यापीठांत केलेली चाचणी २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाली. ८९३ विद्यार्थिनींची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला १२ तासांचं प्रशिक्षण मिळालं, दुसऱ्याला फक्त माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्कार झाल्याचं प्रमाण प्रशिक्षित गटात ५.२ टक्के आणि दुसऱ्या गटात ९.८ टक्के निघालं.

तो संपूर्ण कार्यक्रम म्हणजे प्रसंग-सराव नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्यातली एक गोष्ट आम्ही उचलली. ओळखीच्या माणसाकडून होणाऱ्या जबरदस्तीवर तिथे भर होता. धोका ओळखणं, आणि ओळखूनही 'त्याला काय वाटेल' म्हणून गप्प बसायला लावणारी मनातली अडचण ओलांडणं. अनोळखी गुंडाला ओरडून हाकलणं सोपं असतं. मित्राच्या मित्राने घरी सोडतो म्हणत तिसऱ्यांदा खांद्यावर हात ठेवला, तर तो हात खाली ठेवायला सांगणं जड जातं. आमच्या प्रसंगांत आता असे ओळखीचे लोक निम्म्याहून जास्त असतात. त्यात कुणी कुणाला मारत नाही. फक्त "नको" म्हणायचं असतं, हसल्याशिवाय. करून पाहा, किती कठीण आहे ते.

आणि ज्या बाईला हे जमलं नाही, तिच्यावर त्याचं खापर फोडायचं नाही. दोष गुन्हा करणाऱ्याचाच असतो. वर्गात कुणी उलट सूर लावला तर मी तिथल्या तिथे थांबवते.

सरावातून चुकीच्या सवयी लागू शकतात का?

लागतात, आणि नकळत लागतात. जोडीदाराच्या हातून खोटा सुरा काढून घेतला की पुढच्या फेरीसाठी तो त्यालाच परत देतो आपण. शंभर वेळा काढायचा, शंभर वेळा परत द्यायचा. हातांना दोन्ही पाठ होतं. आमच्याकडे सुरा जमिनीवर ठेवून पायाने लांब सारतात, मग सोंग घेणारा स्वतः जाऊन उचलतो. तसंच प्रसंग संपल्यावर समोरच्याला हसून टाळी देणं. लुटूपुटूचा शेवट आम्ही चालू देत नाही. सुरक्षित जागी पोचून मदतीसाठी फोन केल्यावरच शिट्टी वाजते.

सोंग घेणारे कोण असतात?

चांगला सोंग घेणारा मिळणं हे या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम. त्याला हरता आलं पाहिजे. विद्यार्थ्याने योग्य शब्द योग्य वेळी वापरले तर त्याने निघून जायला हवं, मारामारीची खाज कितीही असली तरी. नाहीतर बोलून उपयोग नाही, हेच तो शिकवून जातो. मस्ती आलेल्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांपेक्षा हौशी नाटकातली माणसं हे काम चांगलं करतात, असा माझा अनुभव.

प्रसंगानंतर एवढं बोलायचं काय असतं?

पहिला प्रश्न 'काय केलंस?' असा नसतो, 'काय दिसलं?' असा असतो. मग 'कधी ठरवलंस?', 'कशावरून?', 'त्याआधी निघायची वाट होती का?' तंत्राच्या चुका शेवटी, त्याही दोनच. बघ्यांना मध्ये बोलू देत नाही, नाहीतर सगळे शहाणे होतात.

त्यानंतर व्हिडिओ. इथे लोक हबकतात. "त्याच्या हातात काहीतरी होतं, मी शपथेवर सांगतो," म्हणणाऱ्याला पडद्यावर दिसतं की तो चष्म्याची डबी काढत होता. कुणी दहा सेकंद वाट पाहिली असं सांगतं, घड्याळात तीन निघतात. खोटं कुणीच बोलत नसतं, ताणाखाली आठवण तशीच बनते. हे एकदा स्वतःबाबतीत पाहिलेला माणूस दुसऱ्याच्या जबानीबद्दलही जरा जपून बोलायला लागतो.

इजा होण्याची भीती किती?

खरचटणं, मुका मार एवढं धरून चला. नियम मात्र कडक आहेत. सरावाच्या जागेत खरं हत्यार येत नाही, खिशातला छोटा चाकूसुद्धा नाही. दारावर तीन वेगवेगळी माणसं तपासणी करतात. ठरलेला शब्द कुणीही उच्चारला की सगळे जागच्या जागी थांबतात. पूर्वी खरा हल्ला सोसलेल्या व्यक्तीने आधी कानावर घालावं. कुठला प्रसंग नको ते ती ठरवते, त्याचं कारण आम्ही विचारत नाही.

लहान मुलांसाठी असा सराव आहे का?

हल्ल्याचा नाही. 'नाही' म्हणणं, पळणं आणि मोठ्यांना सांगणं एवढंच, तेही खेळ म्हणून.

घरी एकट्याने काय करता येईल?

चालताना मनातल्या मनात धावतं वर्णन करा : कोण पुढे आहे, कुणाचे हात दिसत नाहीत, बाहेर जायचे रस्ते किती. दिवसातून पाच मिनिटं पुरे. सतत ताणात राहायचं नाही. जेफ कूपर या अमेरिकन प्रशिक्षकाने सावधपणाच्या पायऱ्यांना रंग दिले होते. त्यातला पिवळा म्हणजे निवांत, पण जागा. तेवढंच हवं.

माझ्या फेरीत काहीच घडलं नाही. फेरी फुकट गेली का?

मागच्या तुकडीत एक जण होता. फाटकाजवळ दोघं उभे दिसले, तो थबकला, वळला आणि जिथून आला त्याच उजेडाच्या दारातून परत आत गेला. अकरा सेकंद. बाकीच्यांना हसू आलं, त्यालाही थोडं ओशाळल्यासारखं झालं. बाहेर येऊन त्याने विचारलं, ते दोघं काय करणार होते? मी त्याला अजून सांगितलेलं नाही.